आठ-दहा वर्षांचा रक्तदाब: नाकारलेला दावा आणि मेडिक्लेमचा वाढता हप्ता

कृष्णाकाठ | १४ डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

घरातील आजारपण चारचौघांत मांडण्याची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे हा धागा काढताना संकोच वाटतो आहे. पण गेले चार महिने विमा कंपनीशी पत्रव्यवहार करून मी थकलो आहे आणि येथे जाणकार मंडळी आहेत हे ठाऊक असल्याने लिहितो.

माझे वडील ६४ वर्षांचे आहेत आणि सांगलीत राहतात. २०१५ पासून त्यांची ३ लाखांची पॉलिसी होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये एजंटच्या सल्ल्याने ती दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केली आणि विमा रक्कम १० लाख करून घेतली. यंदाच्या ऑगस्टमध्ये वडिलांच्या छातीत दुखू लागले, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसवले आणि बिल ४,६२,३०० रुपये झाले. दाखल करताना दीड लाखाची प्राथमिक कॅशलेस मंजुरी मिळाली होती. घरी सोडण्याच्या दिवशी आई पिशव्या भरून खुर्चीत बसलेली असताना, दुपारी साडेतीन वाजता, ती मंजुरी मागे घेतल्याचा ईमेल आला. विमा घेताना उच्च रक्तदाब लपवला, हे कारण. वडिलांची एक मुदत ठेव मोडली, उरलेले पैसे धाकट्या भावाच्या क्रेडिट कार्डावर भरले आणि रात्री नऊला वडिलांना घरी आणले.

कारणाचा उगम नंतर सापडला. दाखल करताना पहिल्या कागदावर शिकाऊ डॉक्टरांनी ‘रक्तदाब, आठ-दहा वर्षे’ असे लिहिले आहे. वडील म्हणतात, ‘गोळी बदलून आठ-दहा महिने झाले’ असे मी सांगितले होते. रक्तदाबाची गोळी त्यांना पहिल्यांदा सुरू झाली ती जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे पोर्ट केल्यानंतर. छातीत कळ येत असलेल्या माणसाने काय सांगितले आणि रात्री अडीच वाजता ते कोणी कसे ऐकले, यावर साडेचार लाख रुपये ठरावेत याचा मला संताप येतो.

आई-वडिलांचा मिळून हप्ता गेल्या वर्षी जीएसटीसह ५८,४०० रुपये होता. जीएसटी रद्द झाल्याने यंदा बराच उतरेल असे वाटले होते, तो ५४,३०० आला आणि मुकाट्याने भरला. माझे प्रश्न दोन आहेत. या निर्णयाविरुद्ध नेमके कोठे आणि कसे जावे? आणि दरवर्षी एवढे पैसे भरून आपण नेमके काय विकत घेतो?

दुपारची झोप | १४ डिसेंबर, रात्री १०.०५

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नव्या वर्षाचे कॅलेंडर.

रात्रपाळी | १४ डिसेंबर, रात्री ११.३०

मी डॉक्टर आहे आणि असे कागद मी स्वतः हजारोंनी लिहिले आहेत, म्हणून थोडे आमच्या बाजूने. आपत्कालीन विभागात रुग्ण येतो तेव्हा आमचे सारे लक्ष ईसीजीकडे असते. पूर्वेतिहास विचारताना ‘बीपी आहे का? किती वर्षे?’ हे दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. उत्तर कधी रुग्ण देतो, कधी सोबत आलेला शेजारी, आणि ‘असतील सात-आठ’ या उत्तराला वैद्यकीयदृष्ट्या फारसे महत्त्व नसते, कारण उपचार त्यावर बदलत नाहीत. हाच कागद पुढे विमा कंपनीच्या टेबलावर साक्षीदार म्हणून उभा राहणार आहे, हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवलेले नसते.

चूक दुरुस्त होऊ शकते. मूळ नोंद खोडू नका आणि कोणाला खोडायलाही सांगू नका, कारण खाडाखोड दिसली की प्रकरण हातचे जाते. उपचार करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर स्वतंत्र प्रमाणपत्र घ्या. त्यात पूर्वेतिहास नातेवाइकांच्या अंदाजावरून लिहिला होता आणि जुन्या कागदपत्रांवरून रक्तदाबाचे निदान अमुक महिन्यातील आहे, असे स्पष्ट लिहून सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक घ्यावा. त्याला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची जानेवारी २०२३ ची चिठ्ठी जोडा. ती चिठ्ठी सापडेल ना?

कृष्णाकाठ | १५ डिसेंबर, सकाळी ७.१५

रात्रपाळी, मनापासून आभार. गावभागातील आमचे डॉक्टर चिठ्ठी कोऱ्या पाकिटावर लिहून देतात, हीच अडचण आहे. आई मात्र रद्दीवाल्याला काहीही देत नाही, त्यामुळे आशा आहे.

कोरा कागद | १५ डिसेंबर, सकाळी ९.५०

माझे मत कडवट वाटेल. मी २०१७ पासून मेडिक्लेम घेणे बंद केले. हप्त्याएवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकतो आणि आज तेथे व्याजासह सुमारे साडेचार लाख आहेत. माझे पैसे मला देताना कोणी माझा पूर्वेतिहास विचारत नाही. कंपन्यांचा धंदाच नकार देण्यावर चालतो. मग आपण त्या जुगारात का बसावे?

हातसडी | १५ डिसेंबर, सकाळी ११.२०

कोरा कागद, तुमच्या खात्यात जमलेले साडेचार लाख हे धागाकर्त्यांच्या वडिलांचे एक बिल आहे. माझ्या बहिणीला विमा घेतल्यानंतर तिसऱ्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला आणि दीड वर्षात ११ लाखांहून अधिक खर्च झाला, त्यातील साडेनऊ कंपनीने दिले. तीन हप्ते साठवून तिच्याजवळ लाखसुद्धा झाला नसता. मला कंपन्यांचा पुळका मुळीच नाही. आईच्या गुडघ्याच्या वेळी मी स्वतः पोळले आहे, पण ते खोलीच्या भाड्याच्या कलमात, आणि ते कलम आधी वाचले नव्हते हा दोष माझाच होता.

आईची पॉलिसी ५ लाखांची आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. रुग्णालयात ८,००० ची खोली मिळाली. मी मनाशी हिशेब केला की चार दिवसांचे जादा १२,००० आपण भरू, आईला खिडकीजवळ झोपता येईल. प्रत्यक्षात कंपनीने शस्त्रक्रियागृह, सर्जन, भूलतज्ज्ञ, परिचर्या या सगळ्यांच्या शुल्कातही पाच-अष्टमांश एवढेच मंजूर केले, कारण रुग्णालयाचे हे दर खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतात. २,४०,००० चे १,५०,००० झाले. खिडकी आम्हाला एक लाख दोन हजारांना पडली. तिच्यातून पार्किंग दिसत होते.

तिरफळ | १५ डिसेंबर, सकाळी ११.४५

समुद्र दिसला असता तर किती बसले असते, कल्पना करवत नाही.

निवृत्त लेखनिक | १५ डिसेंबर, दुपारी ४.१०

मी सरकारी विमा कंपनीच्या दावे विभागात अठ्ठावीस वर्षे काढली आणि २०२१ मध्ये निवृत्त झालो. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ नावाची पॉलिसी बाजारात आणली आणि तेच नाव आज सगळ्या कंपन्यांच्या आरोग्यविम्याला चिकटले आहे, यावरून तिचा दबदबा लक्षात यावा.

हातसडी यांनी लिहिलेल्या कपातीबद्दल एक पुरवणी. ही प्रमाणशीर कपात औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि उपयोगून टाकण्याच्या वस्तूंना लावता येत नाही, आणि ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत तेथे तर मुळीच लावता येत नाही. गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीत कपात झाली असेल तर ती चूक आहे, कागद पुन्हा पाहावेत.

आता मूळ प्रश्न. पाच वर्षे सलग विमा असेल तर त्यानंतर ‘माहिती लपवली’ या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. पूर्वी ही मुदत आठ वर्षे होती, एप्रिल २०२४ पासून ती ६० महिने झाली आणि पोर्ट करण्यापूर्वीचा काळही तीत धरला जातो. धागाकर्त्यांची पहिली पॉलिसी २०१५ ची असल्याने हे संरक्षण त्यांना आहे. मात्र ते पहिल्या पॉलिसीच्या विमा रकमेपुरते असते. रक्कम वाढवली की वाढीव भागासाठी वाढवल्याच्या दिवसापासून पुन्हा ६० महिने मोजतात. म्हणजे ३ लाखांपर्यंत कंपनी तुम्हाला अडवू शकत नाही, परंतु वरच्या १,६२,३०० साठी तुम्हाला रक्तदाब २०२३ चा असल्याचे सिद्ध करावे लागेल. कंपनीने सबंध दावा नाकारला आहे, यावरून त्यांनी पोर्ट करण्याआधीची वर्षे मोजलेलीच दिसत नाहीत.

आता थोडे कटू. दावे विभागातील सगळे लोक नाकारण्यासाठी टपून बसलेले नसतात. तापाचे रुग्ण पाच दिवस दाखल केलेले मी पाहिले आहेत, ज्यांना त्या पाच दिवसांत तोंडावाटे घेण्याच्या गोळ्यांपलीकडे काही दिलेले नव्हते. रुग्णालयाच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ याच्या आधी ‘मेडिक्लेम आहे का?’ असे विचारले जाते आणि त्या उत्तरावर खोली, तपासण्या आणि दर ठरतात, हे या धाग्यावरील प्रत्येकाने अनुभवले असेल. त्या फुगलेल्या बिलांची भरपाई प्रामाणिक माणसाच्या हप्त्यातून होते.

दुपारची झोप | १५ डिसेंबर, दुपारी ४.३०

वाचनखूण साठवली. माझी २०१९ ची आहे, आता पाच वर्षे झाली म्हणून छाती ताठ करून चाललो आहे. छाती ताठ करणे पॉलिसीत बसते ना?

पुनश्च | १५ डिसेंबर, रात्री ८.५५

मी ग्राहक आयोगापुढे वकिली करतो. निवृत्त लेखनिक यांचा मुद्दा अचूक आहे. त्यात भर म्हणून आधी धागाकर्त्यांना एक विचारतो: पोर्ट करताना वडील ६१ वर्षांचे होते, रक्कम तिपटीहून अधिक वाढवली होती, कंपनीने तेव्हा वैद्यकीय तपासणी करून घेतली होती का?

व्हॉट्सॅपवर दोन निकाल सतत फिरत असतात, त्यांच्या भरवशावर कोणी राहू नये म्हणून स्पष्ट करतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याच्या एका प्रकरणात असे म्हटले की न सांगितलेल्या आजाराचा मृत्यूच्या कारणाशी संबंध नसेल तर दावा नाकारता येणार नाही. ते प्रकरण मणक्याच्या दुखण्याचे होते. रक्तदाब आणि हृदय यांचा संबंध नाही असे आपण म्हणू शकत नाही. दुसरा निकाल डिसेंबर २०२१ चा: प्रकृतीची माहिती घेऊन, ती तपासून पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराचे कारण पुढे करता येत नाही. तेथे विमेदाराने मधुमेह आधीच सांगितला होता, म्हणून तो तुम्हाला तंतोतंत लागू नाही. परंतु तपासणी झाली असेल तर त्यातील तत्त्वाचा आधार घेता येतो. उलट बाजूने २००९ चा निकालही आहे, ज्यात महत्त्वाची माहिती दडवली म्हणून कंपनीची बाजू मान्य झाली, आणि कंपनीचे वकील तो पहिल्या तारखेलाच काढतात.

कृष्णाकाठ | १५ डिसेंबर, रात्री ९.२०

पुनश्च, तुम्ही विचारेपर्यंत ही गोष्ट आम्ही सगळे विसरलो होतो. तपासणी झाली होती. कंपनीने पाठवलेला मुलगा सकाळी सात वाजता उपाशीपोटी रक्त घेऊन गेला आणि नंतर विश्रामबागेतील एका प्रयोगशाळेत ईसीजी व रक्तदाब पाहिला. त्याचा अहवाल आम्हाला कोणीच दिला नाही.

पुनश्च | १५ डिसेंबर, रात्री ९.३५

तो लेखी मागा, आजच. कंपनीने स्वतःच्या माणसाकडून, स्वतःच्या खर्चाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये मोजलेला रक्तदाब प्रमाणात असेल, तर शिकाऊ डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा त्याचे वजन कितीतरी अधिक आहे.

आणखी एक. ऑगस्टमध्ये ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणणाऱ्या कंपनीने नोव्हेंबरमध्ये त्याच वडिलांचा ५४,३०० चा हप्ता स्वीकारून पॉलिसीचे नूतनीकरण केले आहे. लपवाछपवी झाली असे त्यांना खरोखर वाटत होते तर त्यांनी पॉलिसी चालू का ठेवली, हा प्रश्न तक्रारीत स्वतंत्र परिच्छेद करून लिहा.

तिरफळ | १५ डिसेंबर, रात्री ९.५०

हप्ता घेताना वडील ठणठणीत, दावा देताना दशकाचे रुग्ण. या कंपनीला नाडीपरीक्षेचे ज्ञान असावे.

अटलांटिकपार | १६ डिसेंबर, पहाटे ५.३०

न्यू जर्सीहून वाचतो आहे. जुना आजार असल्यावरून विमा नाकारणे किंवा हप्ता वाढवणे येथे २०१० च्या कायद्याने, २०१४ पासून बंद झाले, तेव्हा ‘आठ-दहा वर्षे’ या शब्दांवरून येथे कोणी अडवणार नाही. मात्र उपचाराआधी कंपनीची परवानगी लागते आणि ती ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ या शब्दांत नाकारली जाते. माझ्या पत्नीच्या एमआरआयसाठी तिचे डॉक्टर कंपनीच्या डॉक्टरांशी फोनवर अर्धा तास वाद घालत होते. आई पुण्यात आहे, तिची पॉलिसी मीच भरतो, म्हणून मला दोन्हीकडच्या रागाचा अनुभव आहे.

वैनगंगा | १६ डिसेंबर, सकाळी १०.१५

चर्चा सगळी हप्ता परवडणाऱ्यांची चालली आहे, म्हणून दुसऱ्या टोकाचे लिहिते. मी भंडाऱ्याची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता तिचे संरक्षण दीड लाखांवरून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत गेले आहे आणि ती केवळ पिवळ्या-केशरी कार्डापुरती राहिलेली नाही. माझ्या काकांची हृदयशस्त्रक्रिया नागपुरात या योजनेतून एक रुपयाही न देता झाली. प्रवेशद्वाराशी बसलेल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, शिधापत्रिका आणि आधार पाहून दोन दिवसांत मंजुरी आणून दिली. मात्र त्याआधीच्या रुग्णालयाने, जे यादीत होते, ‘योजनेच्या खाटा भरल्या आहेत, पैसे भरत असाल तर आत्ता घेतो’ असे सांगितले होते. म्हणजे नकार तेथेही आहे, फक्त त्याचे पत्र मिळत नाही.

७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचे ५ लाखांचे कार्ड मिळते. ज्यांचे आई-वडील त्या वयाचे आहेत त्यांनी ते काढून ठेवावे. खासगी विमा असला तरी ते काढता येते.

कोरा कागद | १६ डिसेंबर, दुपारी १२.४०

हातसडी यांच्या बहिणीचा अनुभव वाचून मी रात्री पुन्हा हिशेब केला आणि माझ्या पद्धतीत पहिल्या दहा वर्षांत मोठे भगदाड आहे हे मान्य करतो. तरी हप्त्याचा प्रश्न उरतोच. जीएसटी गेला, मग तो हप्त्यात दिसत का नाही?

निवृत्त लेखनिक | १६ डिसेंबर, दुपारी ३.०५

गणित करून पाहू. गेल्या वर्षीच्या ५८,४०० मध्ये १८ टक्के कर होता, म्हणजे मूळ हप्ता सुमारे ४९,४९०. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरील कर शून्य झाला. दर तसाच राहता तर यंदा ४९,४९० भरावे लागले असते, भरले ५४,३००. म्हणजे मूळ दर ९.७ टक्क्यांनी वाढला. हा आकडा योगायोगाने आलेला नाही असे मला वाटते. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ६० वर्षांवरील विमेदारांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला असे कंपन्यांना बजावले. तेव्हापासून ही मर्यादा छतासारखी वापरायची की जमिनीसारखी, हे कंपन्यांनी ठरवलेले दिसते. कर शून्य झाल्यावर कंपन्यांना खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली, ही त्यांची बाजूही खरी आहे. पण तिचा भार कोणावर पडला ते धागाकर्त्यांच्या पावतीत दिसते.

आता कंपन्यांच्या नकाराचे आकडे. आयआरडीएआयच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालाप्रमाणे सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे आरोग्यदावे आले आणि ८३,४९३ कोटी दिले गेले, म्हणजे रुपयातील ७१ पैसे. जाहिरातीत दिसतो तो ‘इतके टक्के दावे मंजूर’ हा आकडा संख्येवर काढलेला असतो. चार लाख मागून अडीच लाख मिळाले तरी तो ‘मंजूर’मध्येच जातो. हातसडी यांच्या आईचा दावा त्या हिशेबात कंपनीचे यश म्हणून नोंदला गेला असेल.

हातसडी | १६ डिसेंबर, दुपारी ३.३०

हे वाचून मला पुन्हा खिडकीतून पार्किंग दिसू लागले आहे.

रात्रपाळी | १७ डिसेंबर, पहाटे १.१०

थोडे अवांतर, पण याच विषयातले. नियमाप्रमाणे कॅशलेसची पहिली मंजुरी विनंती आल्यापासून एका तासात आणि घरी सोडतानाची तीन तासांत द्यायची असते. तीन तासांपुढे उशीर होऊन रुग्णालयाने जादा आकारले तर ते कंपनीने सोसायचे असते. २०२४ च्या मे महिन्यातील हा आदेश आहे. आमच्या मजल्यावर मात्र चित्र असे दिसते की सकाळी दहाला ‘आज सोडतो’ म्हटलेला रुग्ण संध्याकाळी कपडे बदलून पलंगाच्या कडेला बसलेला असतो, सलाईनची सुई काढलेली असते, जेवण बंद झालेले असते, आणि नातेवाईक दर पंधरा मिनिटांनी परिचारिकेला विचारतात. त्यांना मी सांगतो की बिलिंगवाल्यांनी अंतिम कागद किती वाजता पाठवले ते आधी पाहा, कारण निम्मा उशीर आमच्याच इमारतीत झालेला असतो.

पुनश्च | १७ डिसेंबर, सकाळी ९.००

धागाकर्त्यांनी विचारलेला मार्ग अजून सलग कोणी लिहिला नाही. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करावी, सोबत ‘बीमा भरोसा’ या नियामकाच्या संकेतस्थळावर नोंद करावी. पत्रात दोन गोष्टी मागाव्यात: पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली दावा नाकारला, आणि कंपनीच्या दावे पुनरावलोकन समितीने त्यास मान्यता केव्हा दिली, कारण त्या मान्यतेशिवाय आता दावा नाकारता येत नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जावे लागते, शुल्क नाही, वकील चालत नाही, म्हणजे माझा धंदा बुडवून सांगतो आहे. सांगलीसाठी पुण्याचे कार्यालय, नारायण पेठेत केळकर रस्त्यावर. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते.

तिरफळ | १७ डिसेंबर, सकाळी ९.१०

केळकर रस्त्यावर चारचाकी लावायला जागा मिळाली तर दावा मंजूर झाल्याचा आनंद तेथेच होईल. रिक्षाने जा.

कृष्णाकाठ | २१ फेब्रुवारी २०२६, रात्री १०.३०

दोन महिन्यांनी परत येतो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

जानेवारी २०२३ ची चिठ्ठी सापडली. आईने ती देवघराच्या खणात, उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यांखाली, विजेच्या बिलांबरोबर ठेवली होती. पाकिटावर डॉक्टरांच्या अक्षरात तारीख, १६०/१००, गोळीचे नाव आणि ‘मीठ कमी’ एवढेच आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी प्रमाणपत्र द्यायला तीन खेपा घालायला लावल्या, पण दिले. कंपनीने तपासणीचा अहवाल दोनदा मागूनही दिला नाही, म्हणून मी विश्रामबागेतील प्रयोगशाळेत स्वतः गेलो. तेथील काउंटरवरच्या ताईंनी संगणकात नाव शोधून पाच मिनिटांत प्रत काढून दिली: नोव्हेंबर २०२२, रक्तदाब १२८/८२, ईसीजी निर्दोष.

हे सर्व तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवले, त्यात निवृत्त लेखनिक यांचा ६० महिन्यांचा आणि पुनश्च यांचा नूतनीकरणाचा मुद्दा त्यांच्याच शब्दांत घातला. तेविसाव्या दिवशी ‘सहानुभूतीपूर्वक फेरविचार करून’ दावा मंजूर झाल्याचा ईमेल आला. ४,६२,३०० पैकी ४,१८,६५० खात्यात जमा झाले. कापलेल्या ४३,६५० मध्ये हातमोजे, मास्क, फाइलचे शुल्क वगैरे ३१,४५० आणि ‘वाजवी व प्रचलित दरापेक्षा अधिक’ म्हणून १२,२००. समितीची मान्यता केव्हा घेतली होती या प्रश्नाला उत्तर नाही. लोकपालांकडे जावे लागले नाही, त्यामुळे रिक्षाचे पैसे वाचले.

सहानुभूती हा शब्द मात्र मला बोचतो आहे. भावाने क्रेडिट कार्डावर चार महिन्यांत भरलेले व्याज २१,००० च्या पुढे गेले, ते कोणाच्या हिशेबात बसत नाही.

पुनश्च | २१ फेब्रुवारी, रात्री ११.००

अभिनंदन. व्याज बसते. पूर्ण कागद मिळाल्यानंतर ठरलेल्या मुदतीपुढे झालेल्या विलंबावर कंपनीने बँक दरापेक्षा (हा दर रिझर्व्ह बँक ठरवते) दोन टक्के जास्त दराने व्याज द्यायचे असते. क्रेडिट कार्डाच्या दराने मिळणार नाही, पण मागा. १२,२०० च्या कपातीसाठी कोणत्या दरपत्रकाशी तुलना केली तेही विचारा. महाराष्ट्रात रुग्णालयांनी दरफलक लावणे २०२१ च्या नियमांपासून बंधनकारक आहे, त्याचे छायाचित्र जोडा.

रात्रपाळी | २२ फेब्रुवारी, पहाटे २.२०

आजपासून आमच्या विभागात शिकाऊ डॉक्टरांना मी ‘किती वर्षे’ याच्या पुढे ‘कोणी सांगितले’ हेही लिहायला लावतो आहे. वडिलांची प्रकृती कशी आहे?

कृष्णाकाठ | २२ फेब्रुवारी, सकाळी ८.००

उत्तम आहे, रोज आमराईपर्यंत चालत जाऊन येतात. सदऱ्याच्या खिशात त्यांनी एक चिठ्ठी ठेवली आहे, ‘रक्तदाब: जानेवारी २०२३ पासून’, आणि ती धुण्यात जाते म्हणून आईने तिच्या सात प्रती काढल्या आहेत. व्याजाचे पत्र आज पाठवतो.

दुपारची झोप | २२ फेब्रुवारी, दुपारी २.१५

एजंटने माझ्या अर्जात मधुमेहापुढे ‘नाही’ची खूण केली आहे आणि मला तो २०१८ पासून आहे, हे या धाग्यामुळे आज प्रथमच अर्ज वाचून कळले. थट्टा नाही. आता काय करावे?

निवृत्त लेखनिक | २२ फेब्रुवारी, दुपारी ५.४०

तुमची पॉलिसी २०१९ ची आहे, ६० महिने होऊन गेले आहेत. या काळात विमा रक्कम कधी वाढवली होती का, ते आधी सांगा.

दुपारची झोप | २२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.०५

२०२३ मध्ये. ५ चे १५ लाख.

निवृत्त लेखनिक | २२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

मग वरच्या दहा लाखांसाठी तुम्ही अजून उघड्यावर आहात. नूतनीकरणाची वाट न पाहता कंपनीला लेखी कळवा, सोबत २०१८ चा पहिला अहवाल जोडा आणि पोच घ्या. ते कदाचित हप्ता वाढवतील, कदाचित वाढीव रक्कम काढून घेतील. रुग्णालयाच्या खिडकीवर कळण्यापेक्षा ते आज, घरी बसून कळलेले बरे. अर्जाची प्रत एजंटकडून नव्हे, कंपनीकडून मागवा.